मावशीचा डबा

दुपार कलायला लागली की बाळांच्या अतिदक्षता विभागाचं दार ढकलून एक माणूस निळी पेटी घेऊन आत यायचा आणि मोठ्या सिस्टर तोंडभर हसून म्हणायच्या, "चला मुंगीबाई, मावशीचा डबा आला!"

आणि नेमकं तेव्हाच मुंगीच्या आईच्या, धाकटीच्या, पोटात दुखायला लागायचं.

डबा म्हणजे काही डबा नव्हे. दोन तळहातांत मावेल एवढी मऊ प्लास्टिकची पिशवी. तिच्यावर तपकिरी आवरण, खाली लोंबणारी नळीसुद्धा तपकिरी. सोबत जाड, बिनसुईची सिरिंज, तीही तशीच झाकलेली. सिस्टर हात धुऊन, मोजे चढवून पिशवी टांगायच्या, यंत्राची बटणं दाबायच्या. मग त्या नळीतून थेंब थेंब करत साखर, प्रथिनं, मीठ, चुना असं सगळं मुंगीच्या दंडातल्या केसाएवढ्या नळीत जायचं आणि तिथून थेट हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत. तोंड नाही, घसा नाही, पोट नाही. जेवण झालं, पण जेवणाऱ्याला पत्ता नाही.

मुंगी हे नाव बापाने ठेवलेलं. काचेच्या पेटीत एवढीशी पोर हातपाय हलवताना बघून तो म्हणाला होता, "अगदी मुंगी गं. आणि बघ, मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते." घाईने जन्माला आली ती आली, वर तिच्या आतड्याला पीळ पडलेला. पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. आतड्याचा खराब झालेला तुकडा काढून उरलेली टोकं जोडली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आतड्याला विश्रांती हवी. तोवर तोंडाने काही नाही. दूधसुद्धा नाही."

दूधसुद्धा नाही! हे वाक्य धाकटीने कितीदा तोंडातल्या तोंडात घोळवलं असेल. पडद्यामागे बसून ती यंत्राने दूध काढायची, बाटलीवर मुंगीचा नंबर चिकटवायची, बाटली फ्रीझरमध्ये जायची. फ्रीझरचा कप्पा भरत चालला होता आणि मुंगीचं पोट रिकामं. त्यात गेल्या काही दिवसांपासून दूध कमी येऊ लागलं होतं. ओढणारं तोंडच नसेल तर अंग तरी किती दिवस वाट बघणार? मुंगीला दूध द्यायची वेळ येईल तेव्हा आपणच आटलेलो असू, ही भीती तिच्या उराशी दगडासारखी बसली होती.

आणि इकडे पिशवीतल्या अन्नावर मुंगीचं वजन वाढत होतं. रोज थोडं थोडं, पण वाढत होतं. सिस्टर आनंदाने सांगायच्या, "मावशीच्या हाताला गुण आहे हो!"

हो, मावशीच्याच. कारण या पिशव्या भरायच्या त्या याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधं मिसळायच्या खोलीत; आणि त्या खोलीची प्रमुख औषधनिर्माती म्हणजे धाकटीची सख्खी मोठी बहीण, ताई. डॉक्टर कागदावर लिहून देत, ताई त्या हिशेबाचा ताळा पुन्हा करून बघे, आणि टोपी, मास्क, दोन-दोन मोजे चढवून काचेच्या कपाटात हात घालून एक एक थेंब मोजून भरे. बाळ दाखल झालं तेव्हा सगळ्यांना केवढा आधार वाटला होता! घरचंच माणूस आहे म्हणे. सासूबाई तर भेटीच्या वेळेत काचेला नाक लावून कौतुकाने म्हणाल्या, "म्हणतात ना, माय मरो आणि मावशी जगो! खोटं नाही हो ते."

धाकटी शेजारीच उभी होती. मेली नव्हती.

"आई, म्हण आहे ती," नवऱ्याने घाईघाईने सारवासारव केली.

"मग मी कुठे म्हटलं शिलालेख आहे?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या मनात कधीच काही नसायचं, सगळं तोंडावर.

 पण ती म्हण धाकटीच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली.

तसं हे आजचं नव्हतं. दोघींच्या आईची नोकरी पाळीची. ती कामावर असली की धाकटीला भरवायचं काम ताईकडे. ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, पण ऐट अशी की जणू हिनेच जन्म दिलाय. "आ कर. अजून एक. हा शेवटचा." तो शेवटचा घास कधीच शेवटचा नसायचा. आई घरी आली की म्हणायची, "बरं झालं बाई, ताईच्या हातचं तरी खाते. माझ्याकडून तोंड फिरवते." शाळेत ताईचा नंबर, घरात ताईचा शब्द, पाहुण्यांत ताईचं अक्षर. धाकटीला आयुष्यात एकच गोष्ट ताईच्या आधी मिळाली होती, मूल. आणि आता त्या मुलालाही ताईच भरवत होती. 'आ कर' म्हणायचीसुद्धा गरज नाही, परस्पर रक्तातच.

संध्याकाळी ताईचा फोन यायचा.

"आज प्रथिनं किंचित वाढवली गं. कालचं रक्त चांगलं आलंय."

"बरं."

"कॅल्शियमही वाढवायचं होतं, पण फॉस्फेट आधीच भरपूर. या दोघी एकमेकींच्या जवळ आल्या की गोठून पांढरे कण होतात. नळीच बंद व्हायची. म्हणून एकीला सुरुवातीला घालायचं आणि दुसरीला अगदी शेवटी, मध्ये भरपूर पाणी. तुझ्या-माझ्यासारखं." ताई हसली.

धाकटीला हसू आलं नाही. "आणि सिरिंजमध्ये ते पांढरं काय असतं? दुधासारखं दिसतं अगदी."

"तेल. सोयाबीनचं, ऑलिव्हचं, माशाचं. अंड्याच्या बलकातल्या एका पदार्थाने पाण्यात असं घोळवतात की वेगळं होत नाही. दिसतं दूध, पण दूध नाही."

"म्हणजे दुधाची तहान ताकावर."

"ताकावर नाही गं, तेलावर," ताई म्हणाली. "बरं, तू जेवलीस का?"

हेच ते. तू जेवलीस का! धाकटीने "हो" सांगून फोन ठेवला. जेवली नव्हतीच.

आणि इतकं सगळं करून ही बाई एकदाही मुंगीला बघायला वर आली नव्हती. तीन मजले फक्त. येता-जाता विचारपूस करायची, फोन करायची, पण काचेपलीकडे डोकावायला नाही. 'कामात असते' असं सगळे म्हणायचे. धाकटीच्या मते तो ताठा होता. देवाने जेवण पाठवायचं, दर्शन द्यायचं नाही!

त्याच सुमारास मोठ्या सिस्टरांनी तिला सुती कापडाचे दोन चौकोनी तुकडे दिले. "एक अंगाशी ठेवा, ब्लाउजच्या आत. तुमचा वास लागला की तो मुंगीच्या उशाशी ठेवते आणि दुसरा तुम्ही घ्या. रोज अदलाबदल. बाळं वासाने आई ओळखतात."

धाकटीने ते तुकडे जिवापाड जपले. मुंगीच्या नाकाजवळ तो तुकडा ठेवला की तिच्या कपाळावरची एवढीशी आठी सुटायची, धाकटीने स्वतः पाहिलं होतं. पण डोळा वर गेला की तिथे ती टांगलेली. तपकिरी, गप्प, सगळं माहीत असल्यासारखी. डॉक्टर आले की आधी पिशवीकडे बघत, मग बाळाकडे. सिस्टर पिशवीशी बोलत. नवरासुद्धा दारातून आत आला की विचारायचा, "किती गेला डबा?" कानामागून आली आणि तिखट झाली!

मग एका सकाळी घरी, आंघोळ करून केस पुसताना तिला ते सुचलं. तिने आपला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पांढरा सुती गाऊन काढला. त्यावर बारीक निळी फुलं. पोटात मुंगी असताना तो तिने रात्रंदिवस वापरला होता. कात्री घेऊन तिने त्याचा पुढचा भाग कापला, कडा दुमडून हाताने टाके घातले, वर नाडी ओवली. टाके घालता घालता गुणगुणली पण. कितीतरी दिवसांनी तिच्या हातून मुंगीसाठी काहीतरी घडत होतं. डब्यातलं ताईचं असेना का, डब्याची पिशवी तरी माझी असू दे.

त्या दिवशी दुपारी डबा आला, टांगला गेला, आणि तेवढ्यात दुसऱ्या पेटीत एक नवं बाळ दाखल झालं. सगळी धावपळ तिकडे. धाकटी खुर्चीवर चढली नाही की काही नाही. नुसता हात वर केला. तपकिरी आवरण खालून उघडं होतं, ते तिने अलगद वर सरकवून काढलं.

आत पिवळी पिशवी. उन्हात धरलेल्या मधासारखी. धाकटी बघतच राहिली. इतकी सुंदर असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि सुंदर आहे याचाच तिला जास्त राग आला. मग तिने त्यावर आपलं फुलाफुलांचं कापड चढवलं, नाडी बांधली, आणि तपकिरी आवरणाची घडी करून पर्समध्ये टाकली. खिडकीतून येणारं ऊन त्या फुलांवर पडलं आणि आरपार गेलं. भिंतीवर पिवळसर कवडसा हलू लागला. मुंगीला खेळायला कवडसा मिळाला असं वाटून धाकटी खुर्चीत बसून हसली.

ऊन भिंतीवरून सरकून जाईपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. मग मोठ्या सिस्टर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"हे काय आहे?"

"मी शिवलंय," धाकटी म्हणाली. आवाजात अजून हसू होतं.

"वरचं आवरण कुठेय?"

"इथे. का?"

सिस्टरांनी आधी यंत्र थांबवलं. "नळीला हात लावलात? जोडाला?"

"नाही हो, आईशप्पथ! नुसतं वरचं कापड..."

"अहो बाई, ते आवरण शोभेला नसतं! उजेड लागला की आतली जीवनसत्त्वं खराब होतात, आणि नको ते पदार्थ तयार होतात. एवढ्याशा जिवाला ते सोसायचं नाही. ऊन, तेसुद्धा एवढा वेळ!" बोलता बोलता त्यांनी साध्या साखरेच्या पाण्याची बाटली लावायला घेतली होती. "हे फेकावं लागणार. नवं येईपर्यंत साखर-पाणी. डॉक्टरांना सांगते, साखर मोजत राहू, रक्तही बघू. घाबरू नका, लवकर कळलं. पण पुन्हा असं काही करायचं नाही."

फुलांचं कापड सिस्टरांनी उतरवून धाकटीच्या हातात दिलं, ते तिने पर्समध्ये कोंबलं. मधासारखी पिशवी कचऱ्याच्या डब्यात पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पेटीतली मुंगी झोपली होती, आपलं जेवण आईने काढून घेतलंय हे तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी डबा घेऊन निळ्या पेटीवाला माणूस आला नाही. तो घरी गेला होता. ताईच आली. कपाळावर टोपीचा वळ, नाकावर मास्कचा वळ, केस घामाने चिकटलेले. दारातच तिने पिशवी सिस्टरांच्या हाती दिली, नाव-नंबर दोघींनी मिळून वाचला, आणि ती तशीच मागे वळून बाहेरच्या बाकावर येऊन बसली. धाकटी तिच्या मागे गेली.



"बोल की," धाकटी म्हणाली. "ओरड. सगळं अंगावर चढवून परत भरावी लागली तुला."

"मुंगीची साखर कशी आहे?"

"ठीक आहे म्हणाले. रक्तही ठीक."

"मग झालं तर." ताईने मान मागे टेकवली. "काय झालं होतं गं तुला?"

धाकटीने ठरवलं होतं की नुसती माफी मागायची. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "सगळे त्या पिशवीशीच बोलतात. मी कोण आहे तिथे? खुर्ची! मी दूध काढते ते बर्फ होतं, आणि तू पाठवतेस ते तिचं रक्त होतं. लहानपणी मला भरवलंस ते पुरलं नाही का? आता हिलाही तूच?"

ताईने वळून पाहिलं. "पिशवीचा हेवा करतेस तू?"

"हसू नकोस."

"हसायला त्राण कुणाला आहे."

"आणि एवढा जीव आहे तर बघायला का येत नाहीस? आत्तासुद्धा दारातून परत आलीस. दहा पावलं होती पेटी. कसला एवढा ताठा?"

ताईने आपली बोटं एकमेकांवर चोळली. दिवसभर मोज्यांत राहून ती सुरकुतली होती.

"बघितलं ना, की ती भाची होईल," ती म्हणाली. "आत्ता ती माझ्याकडे एक नंबर आहे आणि एक वजन आहे. पेशंटला मी मोजून घालते. भाचीला मूठभर घालेन, मला माहितीय मी कशी आहे. तुला नाही का, 'हा शेवटचा, हा शेवटचा' म्हणत पोट फुटेस्तोवर कोंबायची? ते चाललं. तू थुंकायचीस. हिला थुंकताही येत नाही. जे घालीन ते सरळ रक्तात. माझा हात हलला तर?"

धाकटीने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आणि रोज सकाळी आल्या आल्या मी डॉक्टरांना काय विचारते माहितीय? 'दूध सुरू केलं का?' कारण ते सुरू केलं की मला डबा कमी करता येतो. हा डबा फार दिवस चालवायचा नसतो गं, यकृताला झेपत नाही. मी तो बंद व्हायची वाट बघतेय आणि तू त्याच्यावर जळतेस!" ताईने हात पुढे केला. "दाखव ते कापड."

धाकटीने पर्समधून ते फुलांचं कापड काढलं. ताईने टाके उलटसुलट करून पाहिले.

"टाके अजून वाकडेच."

"असू देत."

"सिस्टरांना विचारते. आत तपकिरी, वरून हे. उजेड जायचा नाही." ती उठली. "आतून माझं, बाहेरून तुझं. चालेल?"

धाकटीने मान डोलावली. पण खरं सांगायचं तर मत्सर असा एका बाकावर बसून विरघळत नाही. तो तेलासारखा. हलवला की पाण्यात मिसळल्यासारखा वाटतो, जरा ठेवला की पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आज मावशीचा डबा नवा झगा घालून आलाय!" तेव्हा धाकटीच्या मनात आलंच: झगा माझा, नाव मावशीचं.

त्यानंतर पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी मुंगीचं पोट बोटांनी चाचपलं, नाकातून पोटात घातलेल्या नळीतून येणारं हिरवं पाणी थांबलंय याची खात्री केली, आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "आज दूध देऊन बघू. एक मिलीलीटर."

एक मिलीलीटर! चमचाभरसुद्धा नाही. फ्रीझरचा कप्पा भरलेला, आणि मागणी चिमणीच्या चोचीएवढी. धाकटीने सिरिंज धरली, सिस्टरांनी तिच्या हाताखाली हात धरला. नाकातल्या नळीतून दूध हळूहळू खाली उतरलं. मुंगीने ओठ हलवले, चव नसतानाही. धाकटीच्या अंगात कुठेतरी काहीतरी सुटलं, आणि ब्लाउज पुढून भिजला.

"बघा, आटलं म्हणत होतात!" सिस्टर म्हणाल्या.

दूध पचलं. मग थोडं वाढलं. आणि त्या दिवसापासून डबा लहान होऊ लागला. आज जरा सैल, उद्या आणखी सैल. कापडाच्या पिशवीला सुरकुत्या पडायला लागल्या. धाकटी रोज दुपारी डब्याकडे असं बघायची जशी सवत आजारी पडली की बघावं. आणि मग लगेच स्वतःचीच लाज वाटून ताईला फोन करायची, "आज पुन्हा कमी केलास?"

"हो," ताई म्हणायची, आणि तिच्या आवाजातला आनंद फोनमधूनही कळायचा.

एक दुपार अशी आली की निळी पेटी मुंगीच्या पेटीजवळ न थांबता पुढे निघून गेली. हूक रिकामा. धाकटीने ते फुलांचं कापड काढून घेतलं, आणि आणखी काही दिवसांनी मुंगी थेट छातीला लागली. अशी ओढली की धाकटी 'आई गं!' म्हणून ओरडलीच. मुंगी ती, आपल्या वजनापेक्षा जास्त ओढणारच.

घरी जायच्या दिवशी नवरा सामान खाली नेत होता. "चल," तो म्हणाला. "गाडी दारात लावलीय."

"थांब जरा. तळमजल्यावर जाऊन येते."

औषधं मिसळायच्या खोलीला बाहेरून मोठी काच होती. ताई आत, टोपीत, मास्कमध्ये, दोन्ही हात काचेच्या कपाटात. फक्त डोळे दिसत होते. धाकटीने मुंगीच्या चेहऱ्यावरचं दुपटं बाजूला केलं आणि तिला काचेसमोर उंच धरलं. आता तरी बघ. आता ती नंबर नाही, आता ती भाची आहे.

ताईने क्षणभर डोळे उचलले. ते डोळे मोठे झाले. आणि लगेच खाली गेले. तिने मान हलवली: थांब. हातात सिरिंज होती, समोर पिवळी पिशवी अर्धी भरलेली. ती थेंब मोजत होती, हळूहळू, ओठ हलवत.

धाकटीचे हात भरून आले. तिने मुंगीला खाली घेतलं. मागून नवरा आलाच होता.

"काय झालं? बघितलं नाही का ताईंनी?"

"डबा भरतेय."

"कुणाचा?"

कुणाचा? वरच्या त्या नव्या बाळाचा असेल, नाहीतर आणखी कुणाचा. कोण जाणे कोण ते पोर, कुणाचं, कुठलं! आपली सख्खी भाची दारात उभी आणि ही मावशी तिसऱ्याच्याच लेकराला भरवत बसलीय. धाकटीच्या पोटात ते ओळखीचं दुखणं पुन्हा उठलं, आणि या वेळी ते मावशी आपल्या वाट्याला आली नाही म्हणून उठलंय हे लक्षात येताच तिला काचेसमोर उभ्या उभ्या हसू फुटलं.

"काय गं?" नवरा गोंधळला.

"काही नाही. तू गाडीत जाऊन बस. मी इथे थांबते."

"किती वेळ?"

"तिचं मोजून होईपर्यंत."

तेवढ्यात मुंगीने तोंड वाकडं करून भुकेचा पहिला सूर काढला. धाकटी काचेसमोरच्या बाकावर बसली, पर्समधून फुलांचं कापड काढून मुंगीच्या हनुवटीखाली धरलं, आणि मुंगीला पदराखाली घेत म्हणाली, "आ कर. मावशी येईपर्यंत आपण आपलं जेवून घेऊ."